पाचजणांचं कार्ड

"डोळे मिटले, सार," फोटोग्राफर म्हणाला.

"परत घ्या," नरसिंहराव म्हणाले.

परत घेतला. परत मिटले. सकाळपासून नरसिंहरावांचे डोळे फ्लॅशच्या नेमके आधी मिटत होते. एरवी हा माणूस टीव्हीसमोर डोळे उघडे ठेवून झोपतो, असं त्यांच्या बायकोचं, वसुमतींचं म्हणणं होतं.

"अण्णा, मुद्दाम करताय का?" मागून लेक सुप्रीता म्हणाली. "माझ्या निऱ्या सुटायला आल्या."

"वय झालं. पापण्या ऐकत नाहीत."

यशवंतपूरच्या त्या घरात सोफा ओढून खिडकीसमोर आणला होता. एका टोकाला नरसिंहराव, दुसऱ्या टोकाला म्हैसूर सिल्क नेसलेल्या वसुमती. मागे सुप्रीता आणि जावई गुरुदत्त उभे. वसुमतींच्या शेजारी एक जागा रिकामी होती.

फोटोग्राफरनं कॅमेऱ्यातून पाहिलं. "मधे फार मोकळं दिसतंय. स्वल्प सरकून बसा."

"राहू दे," वसुमती म्हणाल्या. "मुलगा बसणार आहे तिथं."

"येणार का नक्की?"

"मला काय विचारता? यांना विचारा."

नरसिंहराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी कुणाला अडवलेलं नाही."

"बोलावलंही नाहीत," गुरुदत्त म्हणाला. सुप्रीतानं त्याला कोपरखळी मारली. जावयाला आपल्याकडे एवढंच मारता येतं.

या घरातून दर दिवाळीला तंजावर, धारवाड, होसूरच्या नातेवाइकांना कार्ड जायचं. वर शुभेच्छा, खाली कुटुंबाचा फोटो. शुभेच्छा कुणी वाचत नसे. कोण जाड झालं ते सगळे बघत. गेली चार वर्षं कार्ड गेलं नव्हतं. शेवटी तंजावरच्या एका आत्यांनी फोन करून, नेमकं कोण गेलं, अशी हळूच चौकशी केली.

तसं कुणी गेलं नव्हतं. म्हणजे गेला होता, पण घरातून. प्रणीतनं बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडली, तेव्हा नरसिंहराव ओरडले होते, "यापुढे माझा मुलगा म्हणून या घरात पाऊल टाकायचं नाही!" प्रणीतनं ते ऐकलं. तोवर बापाची एकही गोष्ट न ऐकलेल्या पोरानं नेमकी हीच ऐकली, आणि अक्षरशः पाळली.

वसुमती भांडल्या नाहीत. पाचजण असतील तरच कार्ड, एवढंच म्हणाल्या.

यंदा नरसिंहराव स्वतःच सुप्रीताला म्हणाले, "एखादा फोटोग्राफर बघ."

"एकजण आहे माहितीतला."

"माहितीतला चालेल," ते म्हणाले, आणि तीन दिवस आधी केस कापून आले.

"मॅडम, माझ्याकडे नको. लेन्सकडे बघा," फोटोग्राफर म्हणाला.

"लेन्सकडेच बघतेय," वसुमती म्हणाल्या. त्यांच्या पापण्या मात्र हलत नव्हत्या.

परत फ्लॅश. परत नरसिंहराव.

वसुमती उठल्या आणि कॉफी घेऊन आल्या. पहिला लोटा फोटोग्राफरला. "कुठून येता?"

"होसकोट्याहून."

"एवढ्या लांबून! जेवता की नाही वेळेवर?"

"जेवतो."

"कोण करतं?"

"मीच. चित्रान्न."

"रोज लिंबाचा भातच?"

"रविवारी पण," तो म्हणाला. वसुमती हसल्या, पण हसू अर्ध्यातच राहिलं.

"सासूबाई, त्यांना काम करू द्या," गुरुदत्त म्हणाला. प्रणीत गेल्यापासून वसुमती कुरियरवाल्यालाही जेवलास का विचारत. गॅसवाला तर दोनदा पुरणपोळी घेऊन गेला होता. आता तो सिलिंडर संपायच्या आधीच चौकशीला येई.

ऊन सोफ्यावरून उतरून जमिनीवर आलं.

"सार, उजेड चालला. शेवटचा घेतो. मला निघायला हवं."

"एवढी कसली घाई?" नरसिंहराव म्हणाले. "बाहेर ट्रॅफिक असेल."

"ट्रॅफिक रात्रीपर्यंत असतं, सार."

"मग रात्री निघा."

फोटोग्राफर मान खाली घालून कॅमेऱ्याचा पट्टा उगाच सरळ करत राहिला.

वसुमतींनी शेजारच्या रिकाम्या जागेवरून हात फिरवला, तिथं सुरकुती नव्हती तरी. "घेऊन टाका चौघांचा," त्या म्हणाल्या. "पण छापायचा नाही. माझ्या मुलाला वगळून मी कुणाला शुभेच्छा देणार नाही. यंदा नाही, पुढच्या वर्षी नाही, मी असेपर्यंत नाही."

"सरी, ठीक आहे," फोटोग्राफर म्हणाला. "चौघांचा घेतो."

या वेळी नरसिंहरावांचे डोळे सताड उघडे होते. फोटोग्राफरनं बटणावर बोट ठेवलं.

"थांबा," नरसिंहराव म्हणाले. "तो कॅमेरा स्टँडवर नीट उभा आहे ना?"

"हो, सार."

"पडणार नाही?"

"नाही, सार."

"मग तुम्ही कशाला त्याला धरून उभे आहात?"

फोटोग्राफरनं कॅमेऱ्यावरचा हात काढला.

"आजकाल मागं माणूस नसला तरी फोटो निघतो म्हणे."

"निघतो. टायमर लावावा लागतो."

"लावा मग. मी काय आयुष्यभर डोळे उघडून बसू?"

त्यानं टायमर लावला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. तो कॅमेऱ्यामागून निघाला आणि वसुमतींसमोर येऊन उभा राहिला.

"आई, पदर आवर," तो म्हणाला. "बसतो."