नमुन्यादाखल

“काका, पान एकशे बारा. तिथला एक परिच्छेद काढायचाय,” दारात चपला काढता काढताच संपादिकेने सांगून टाकलं. बसा, पाणी घ्या, काय म्हणता, एवढं सगळं उरकून मग विषय काढायला वेळ कुठे होता? छापखान्याला बारापर्यंत होकार कळवायचा होता आणि साडेअकरा वाजून गेले होते.

निवृत्त इंजिनिअरांनी चष्मा शोधला. पुस्तक त्यांचं, आत्मचरित्र. सात महिने ती त्याच्याशी झटापट करत होती. साडेतीनशे पानांत धरणाच्या भिंतीची उंची अकरा वेळा, आणि वडील एकदा. तेही दोन वाक्यांत उरकलेले: ‘वडील वारले. मी तेव्हा साइटवर होतो.’ इथे एखादा प्रसंग हवा, असं तिने समासात चार वेळा लिहिलं. काकांनी चारही वेळा विचारलं, ‘प्रसंग म्हणजे कसा?’ शेवटी वैतागून तिने मजकुरातच लाल अक्षरांत एक परिच्छेद लिहिला आणि वर सूचना टाकली: ‘हा नमुना आहे. असं काहीतरी तुमचं लिहा.’

काकांनी सूचना खोडली आणि नमुना ठेवला. लाल अक्षरं काळी झाली. पुढच्या दोन वाचनांत तिच्याही ध्यानात आलं नाही. जगाच्या वाक्यांत खोट काढणारी बाई, स्वतःच्या वाक्यांवरून मात्र तिची नजर सरळ पुढे गेली. आज सकाळी शेवटचं प्रूफ वाचताना तो परिच्छेद तिला दिसला.

“हा होय?” काकांनी ओळीवर बोट ठेवलं आणि चक्क मोठ्याने वाचायला लागले. “‘वडिलांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि माझ्या हातात बांधलं. म्हणाले, दवाखान्यातलं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे, त्याच्या भरवशावर राहशील तर बस चुकेल. मी बस पकडली. ते संध्याकाळी गेले.’ अहो, सगळ्या पुस्तकात हेच तर झकास उतरलंय!”

“उतरलंय, कारण ते माझे वडील आहेत, काका.” तिचा आवाज चढला. “माझ्या हातात बांधलं होतं ते घड्याळ. दोन वर्षांत मी हे कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या भावालासुद्धा नाही. तुम्हाला नमुना हवा होता म्हणून लिहिलं, तेही डोकं फिरलं होतं म्हणून. आता ते तुमच्या नावावर हजार प्रतींत छापून येणार?”

“अहो, बाप सगळ्यांचे सारखेच असतात.”

“मग तुमच्या बापाचं लिहा ना!”

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. ज्याचं काम करतो त्याच्याशी असं कुणी बोलतं का? पण सात महिन्यांचं साचलेलं होतं, ते बाहेर पडलंच. काका प्रुफाच्या कडा जुळवत बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “मला काही आठवतच नाही हो. मी खरंच निघून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतायचं होतं.”

संपादिकेने पर्समधून पेन काढून पुढे केलं. “हेच लिहा. ‘दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतायचं होतं.’ एवढं एकच वाक्य. शपथेवर सांगते काका, यापेक्षा चांगलं मला जमलं नसतं.”

काकांनी पेन घेतलं. टोपण काढलं. तेवढ्यात आतून भिंतीला धरत धरत अक्का बाहेर आल्या. अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची. परवाच आल्या होत्या, आणि या घराची पायरी त्या पहिल्यांदाच चढल्या होत्या.

“हीच का रे ती?” त्यांनी संपादिकेचा हात धरला. “बाई गं, तुझे उपकार कसे फेडू? चाळीस वर्षं मी याला बोल लावत आले. मी डबा आणायला घरी गेले, परत येते तो हा गायब! बाप शेवटच्या घटका मोजतोय आणि हा मेला बस पकडून चालता झाला, असं चारचौघांत म्हणायचे. याने कधी तोंडातून ब्र काढला नाही. गेल्या आठवड्यात याने ते पान पाठवलं तेव्हा कळलं, बाबांनीच धाडलं होतं याला. आणि ते घड्याळ! दवाखान्यातल्या आयाबायांवर मी त्याच्या चोरीचा आळ घेतला होता गं.”

काकांनी मान वर केली नाही. पेनचं टोपण हळूच परत लावलं.

संपादिकेला इतका संताप आला की ओरडून सगळं सांगून टाकावंसं वाटलं. काकांवर, त्या लाल अक्षरांवर, सगळ्यात जास्त स्वतःवर. फोन वाजला. छापखान्यातून विचारत होते, मॅडम, मशीनवर घेऊ का? अक्कांनी अजून तिचा हात सोडला नव्हता.

“घ्या,” ती म्हणाली.

अक्का तिच्याकडे बघत होत्या. “डोळे भरले ना? माझंही तसंच झालं वाचताना. तुझे वडील आहेत का गं?”

“नाहीत.”

“मग तूही लिही की त्यांच्यावर. दुसऱ्यांचंच किती नीटनेटकं करत बसशील? आठवत असेलच की एखादी तरी गोष्ट.”