तीन हिरवे ठिपके

"या घरातला एकही माणूस एक क्षणसुद्धा आमच्या नजरेआड होत नाही," भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे हात करून व्हिबेकेने नगरपालिकेच्या पाहुण्यांना सांगितलं. त्याच क्षणी पडद्यावरचे तीन हिरवे ठिपके विझले.

पाहुण्यांनी सौजन्याने आपापल्या कॉफीत पाहिलं.

व्हिबेके त्या वृद्धाश्रमाची संचालिका. एक ठिपका म्हणजे एका रहिवाशाच्या मनगटावरची पट्टी. माणूस कुठे आहे आणि नाडी किती पडते आहे, हे ती वायफायवरून दर अर्ध्या मिनिटाला कळवायची. विझलेले ठिपके टोव्हे, आक्सेल आणि गुनवोर यांचे. तिघंही ठणठणीत होती. फक्त रोज तीनला विझायची आणि चारला पेटायची.

पाहुणे जाताच व्हिबेकेने नेटवर्क बसवणाऱ्या एस्बेनला गाठलं.

"पाचव्यांदा सांगतेय. सोमवारपर्यंत हे थांबलं नाही, तर टोव्हेला तळमजल्यावर हलवणार. कुलपाच्या विभागात. सगळं तिच्याच खोलीत होतंय."

"पट्ट्या दोनदा बदलल्या," एस्बेन उसळला. "छतातला राउटर बदलला. जिन्यात नवा लावला. माझ्या नेटवर्कला नावं ठेवू नका!"

"मग काय, माणसं विरघळतात?"

एस्बेन लॅपटॉप उघडा धरूनच तणतणत जिना चढला. टोव्हेच्या दाराशी रेंज फुल्ल होती. लॅपटॉपच्या मते आत कोणीही नव्हतं. आतून मात्र कोणीतरी कोणाच्या तरी आईचा उद्धार करत होतं. त्याने न विचारता दार ढकललं.

तिघं पत्ते खेळत होती. खिडकी उघडी, टोव्हेच्या ओठांत बारीक चिरूट. मनगटं उघडी. टेबलावर बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा. एस्बेनने झाकण काढलं. आत तीन पट्ट्या शेजारी शेजारी निजल्या होत्या.

"पाच वेळा शिडी चढलो मी!" तो ओरडला. "तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

"समोरासमोर बसतो आम्ही. कोणी आडवं झालं तर बाकीच्या दोघांना दिसेल." टोव्हे शहाऐंशी वर्षांची. तीस वर्षं फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत काढलेली. "झालं असतं म्हणे! झालं काय ते ऐक. एप्रिलमध्ये मला हुकमाची तिन्ही मोठी पानं आली. चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही मी. तेवढ्यात धाडकन नर्स आत. 'टोव्हे, नाडी एकशे दहा! बरं आहे ना?' या दोघांनी लगेच डाव सोडला."

"आम्ही काय खुळे आहोत?" आक्सेल म्हणाला.

"आठवड्यात चार वेळा! या आक्सेलला चाळीस वर्षं माझा चेहरा वाचता आला नाही. आणि तुझी ही पट्टी माझी पानं अख्ख्या घराला वाचून दाखवते! काढून ठेवली तरी चुगली करते. गप्प बसते ती फक्त या पत्र्याच्या डब्यात. लाज नाही वाटत रे तुला?"

एस्बेनने भिंती मोजल्या होत्या, अंतरं मोजली होती. हे मोजायचं राहिलं होतं.

त्याचा फोन वाजला. व्हिबेकेचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"एस्बेन! तिन्ही ठिपके आले! पण तिघांचीही नाडी शून्य आहे!"

गुनवोरने पत्ते उपडे ठेवले. आक्सेलने खिडकीबाहेर पाहिलं. टोव्हेने कुठेच पाहिलं नाही. तिची बोटं तेवढी टेबलाच्या कडेवर घट्ट झाली.

एस्बेनने हातातल्या झाकणाकडे पाहिलं.

"तिघंही माझ्यासमोर आहेत. ठणठणीत," तो म्हणाला. "दोष नेटवर्कचाच आहे. माझाच. टोव्हेबाईंना हलवून काही उपयोग नाही. दुरुस्तीला... वर्ष लागेल."

पलीकडून बरंच काही ऐकू आलं. त्याने ते सगळं उभ्या उभ्या ऐकून घेतलं आणि फोन खिशात टाकला.

टोव्हेने आपली पानं उचलून पंख्यासारखी उघडली. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"जाताना तेवढं झाकण लाव," ती म्हणाली. "घट्ट."