चांगल्या दिवसाची तपासणी

"आणि वाईट दिवशी काय होतं?" टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं.

अपिलाच्या सुनावणीला फिटर पहिल्यांदाच आला होता. पलीकडे तिघं होते. मधोमध या अध्यक्षबाई, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला खुर्चीला काठी टेकवून बसलेला एक प्रौढ माणूस. अलीकडे तो आणि त्याची बायको. लाँड्रीतली पाळी बदलून घेऊन ती आली होती.

प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. उत्तरही पाठ होतं. तरी ते सांगवेना.

दुखणं नसांचं होतं. चांगल्या दिवशी चारचौघांसारखं चालता यायचं. वाईट दिवशी पाय कुणा दुसऱ्याचेच असल्यासारखे वागायचे. बस डेपोने त्याला घरी बसवलं आणि आजारपणाचा भत्ता सुरू झाला. मग तपासणीचं बोलावणं आलं आणि नेमका तो दिवस चांगला निघाला. तपासनिसाने पेन उचलायला सांगितलं, त्याने उचललं. चालायला सांगितलं, तो ताठ चालला. वर फुशारकीही मारली, "एवढ्याने काय होतंय साहेब, गिअरबॉक्स उचललेत या हातांनी!" साहेब हसले आणि 'कामास सक्षम' असा शेरा मारून मोकळे झाले. भत्ता बंद. पुनर्विचाराचा अर्ज केला, तर त्याच ऑफिसातल्या दुसऱ्या साहेबांनी तोच शेरा वाचून तोच निकाल दिला.

युनियनच्या ऑफिसात एक निवृत्त कारकूनबाई बसायच्या. सगळे त्यांना वकीलबाई म्हणत. त्यांनी कपाळावर हात मारला होता.

"अहो, तिथं तुम्हाला पास कुणी व्हायला सांगितलं होतं? एकदा पेन उचललं, त्याला काही अर्थ नसतो. पुन्हा पुन्हा उचलता येतं का, दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येतं का, हे बघायचं असतं. त्यांनी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. आता अपिलात तिऱ्हाईत माणसं असतात. त्यांना वाईट दिवस सांगा. आणि लाज घरी ठेवून जा."

लाज घरी ठेवता आली असती. पण जिच्यासमोर लाज वाटत होती, ती शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

"हिला जरा बाहेर बसू द्या," तो शेवटी म्हणाला. "मग सांगतो."

बायको उठली नाही. तिने पदराने चेहरा पुसला. सकाळपासून लाँड्रीत उभं राहून तिचे पाय भरून आले होते.

"मी सांगते," ती म्हणाली. "वाईट दिवशी हे पडतात. बहुतेक वेळा न्हाणीघराच्या दाराशी. तिथल्या भिंतीवर खालच्या बाजूला हातांचे डाग आहेत, उठताना धरतात त्याचे. कधीकधी वेळेत पोचत नाहीत. मग पँट धुऊन वाळत घालतात आणि मला सांगतात, पाणी सांडलं."

"अगं..." फिटर म्हणाला.

"लाँड्रीत काम करते मी. कपडा कशाने भिजलाय ते मला कळत नाही होय?"

डॉक्टरांनी मान वर केली. "तुम्ही कधी विचारलं नाहीत त्यांना?"

"नाही. कामावरून आले की दाराबाहेर किल्ल्या शोधत उभी राहते. किल्ल्या हातातच असतात. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला की कुलूप उघडते. माणसाला उठून बसायला वेळ नको का?"

फिटर तिच्याकडे बघत राहिला. बायको वेंधळी आहे, तिला किल्ल्या सापडत नाहीत, हे आपलं केवढं नशीब, असं तो इतके महिने समजत आला होता.

"आणि दुसऱ्या दिवशी?" काठीवाल्या माणसाने हळूच विचारलं. प्रश्न फिटरला होता.

मग फिटर बोलला. अडखळत, मान खाली घालून, पण सगळं बोलला. चमचा कसा निसटतो, तासन्‌तास फरशीवर पडून कसं राहावं लागतं, एका चांगल्या दिवसाचं भाडं पुढचे दोन दिवस कसं भरावं लागतं. कुणी त्याला मध्ये तोडलं नाही.

बाहेर पडल्यावर दोघं बसथांब्यावर बसले. बस येत नव्हती.

"पाणी सांडलं म्हणे," बायको म्हणाली.

"मग काय सांगणार होतो?"

"रोज रोज पाणी सांडणारा फिटर! डेपोत ठेवला असता का कुणी?"

तो हसला. हसतानाही दमला.

निकाल कळायला पुढे बरेच आठवडे गेले. एका दुपारी वकीलबाईंचा फोन आला. अपील मंजूर. भत्ता पुन्हा सुरू, मागचा थकलेलाही मिळणार. "जिंकलात की हो!" त्या म्हणाल्या. फिटरने त्यांचे आभार मानले. तो न्हाणीघराच्या दाराशी फरशीवर उताणा पडला होता हे त्याने त्यांना सांगितलं नाही. दिवस वाईट होता.

जिन्यावर बायकोची पावलं वाजली. सवयीने त्याचा हात भिंतीकडे गेला. खुर्ची फार लांब नव्हती. जोर लावला असता तर कदाचित जमलंही असतं.

पावलं दाराबाहेर येऊन थांबली. त्याने हात खाली घेतला.

"अगं," त्याने आवाज दिला, "पडलोय मी. ये आत."