नवी फ्लेक्सप्लेट

मोहिते मालकांनी पिशवीतून दोन फ्लेक्सप्लेट काढून दवाखान्यात धनराजच्या खाटेवर ठेवल्या. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारी ही पोलादी चकती. गाडीतली आधीची गेल्या शर्यतीत फुटली होती. तिचे तुकडे पायात घुसले आणि धनराजचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

“ही गाडी तुझ्याइतकी कुणाला कळत नाही. यातली कुठली बसवू?”

एक नेहमीची, हलकी होती. दुसरी जाड, खास शर्यतीसाठी बनवलेली. धनराजने जाड चकतीवर बोट ठेवलं. “मालक, मी तेव्हाही हीच मागितली होती. तुम्ही म्हणालात, जड आहे, गाडी मागे पडेल.”

“तेव्हा गाडी तू चालवत होतास,” मालक चकती पुसत म्हणाले. “आता आमची ऋजुता चालवणार. एकुलती एक पोर, जपायला नको?”

निघताना ते दारात थांबले. “बोल्ट जुनेच चालतील ना?”

चकती फुटली त्या धक्क्यात तिला धरून ठेवणारे बोल्ट कमजोर झाले होते. ते पुन्हा लावले तर तुटणार, हे धनराजला पक्कं ठाऊक होतं. चादरीच्या सपाट भागावरून त्याने हात फिरवला.

“चालतील की,” तो म्हणाला.