बुटकं कार्ड

“मावशी, हा डबाच बदला. यात कुठलं ग्राफिक्स कार्ड बसणार? एवढा चपटा!”

कॉम्प्युटर दुकानाच्या मालकाने मावशींच्या डब्यावर टिचकी मारली. मावशींनी तो टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा उराशी धरून आणला होता. वय सत्तरीच्या पुढचं आणि विसराळूपणा इतका की प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवलेली. चष्म्याच्या घरावर ‘जवळचा’, किल्लीवर ‘मागचं दार’, डब्यावर ‘आडवा ठेवणे’.

“डबा नाही बदलायचा,” त्या म्हणाल्या. “आमच्या ह्यांनी याच्या मापाचं टेबल केलंय स्वतःच्या हाताने. दुसरा डबा त्या खणात शिरणारच नाही. मी विणकामाचे नमुने काढते हो. नमुना जरा मोठा करून बघायला गेलं की चित्र अडखळतं, डोळ्यांना त्रास होतो. कार्ड बसवलं की चित्र नीट सरकतं म्हणतात. बास, तेवढं बघा.”

“काका, तुम्ही बघा हो यांचं,” म्हणत मालकाने मावशींना मागच्या बाकाकडे धाडलं.

काका म्हणजे दुकानातले नवे कारागीर. नवे कसले, पंचेचाळिशी केव्हाच उलटलेली! कारखाना बंद पडला, दोन मुली शिकत होत्या, म्हणून या वयात हे काम शिकून घेतलेलं. मालक त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, पण आवाज दसपट मोठा. त्याने काकांना तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवलं होतं. काम पटलं तर कायम, नाहीतर रामराम.

काकांनी मात्र मावशींचं काम हौसेने अंगावर घेतलं. पुठ्ठा कापून डब्याच्या आतलं माप काढलं. पहिल्या दिवशी आणलेलं कार्ड उंचीला बुटकं होतं, पण त्याचा पंखा असा ढेरपोट्या की झाकण लागेना. दुसरं छान बसलं, तर त्याला वेगळी वीज हवी, आणि त्या डब्याचा वीजपुरवठा अगदीच तुटपुंजा. तिसऱ्या दिवशी सगळा बाजार पालथा घातल्यावर एक स्वस्त, सडपातळ कार्ड हाती लागलं. काकांनी ते डब्याला अडकवायची लांब पट्टी काढली, खोक्यातली आखूड पट्टी लावली, आणि कार्ड खाचेत टक्कन बसलं.

“बसलं की हो!” मावशींचे डोळे भरून आले. “जो तो डबा फेका म्हणत होता. तुम्ही एकट्यांनी पुठ्ठा कापलात, भाऊ.”

तेवढ्यात मालक पुढून ओरडला. “काका! परवाचा प्रिंटर परत आलाय. ही दुसरी तक्रार. तिसरी आली की दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही, सांगून ठेवतो!”

मावशींच्या देखत! काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी मान खाली घालून झाकण लावलं.

दुकानाची रीत अशी की कार्ड बसवल्यावर तासभर चालवून बघायचं आणि मगच डब्यावर ‘तपासले’ असा शिक्का मारायचा. पण बाहेर मावशींची गाडी भोंगे वाजवत होती, पुढे मालक दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी हाका मारत होता. काकांनी शिक्का मारला आणि डबा टॉवेलात गुंडाळून दिला.

दोन दिवस काका सारखे दाराकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी मावशी दारात दिसल्या आणि काका हातातलं काम टाकून उभे राहिले. मावशी तडक मालकापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“काय माणूस ठेवलाय हो तुम्ही! चित्र कसं लोण्यासारखं सरकतंय.”

काकांचा जीव भांड्यात पडला.

मग मावशी दर आठवड्याला यायला लागल्या. कधी माऊसचं निमित्त, कधी नुसतंच इकडून चालले होते म्हणून. कौतुक ठरलेलं, तेही चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं. एकदा ठळक अक्षरात पत्रच लिहून आणलं. मालकाने ते दुकानाच्या काचेवर लावलं, आणि तीन महिने भरले तसं काकांना कायम केलं.

त्या रविवारी काका सफरचंदं घेऊन मावशींच्या घरी गेले.

“या, या! पण आज सुट्टी आहे तुम्हाला. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही,” मावशींनी दारातच बजावलं.

घरभर चिठ्ठ्या. बरणीवर ‘मीठ, साखर नव्हे’. टेबल खरंच सुरेख होतं, डबा खणात अगदी मापात बसला होता. वर चौकटीचे कागद आणि रंगीत पेन्सिली पसरलेल्या, एक मासा अर्धा रंगवलेला.

“हाताची सवय जाऊ नये म्हणून,” म्हणत मावशींनी कागद गोळा केले आणि त्या चहा टाकायला गेल्या.

कारागिराचा हात, तो गप्प बसतोय होय? काकांनी डब्यामागे बोटं फिरवली आणि त्यांना हसूच फुटलं. पडद्याची वायर नव्या कार्डात नव्हतीच, डब्याच्या जुन्याच भोकात होती. नवीन कार्ड घेतलं की दहातले चार जण हीच चूक करतात. म्हणजे इतके दिवस मावशी न चाललेल्या कार्डाचं कौतुक करत होत्या! भोळी बाई. निदान आता तरी त्यांना खरं सुख मिळू दे, असं म्हणत काकांनी चाचपडत वायर कार्डात खोचली.

पडदा काळा झाला.

वायर घट्ट दाबली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. काळाच. काकांच्या डोळ्यांपुढे तो ‘तपासले’ शिक्का आला. वायर परत जुन्या भोकात लावली, तसं चित्र आलं, अडखळत अडखळत.

“साखर किती घालू, भाऊ?” आतून आवाज आला.

“एक चमचा,” काका कसेबसे म्हणाले, आणि कार्ड बघायला त्यांनी डबा खणातून बाहेर ओढला.

कार्डाच्या भोकाशेजारी मावशींच्या अक्षरातली एक चिठ्ठी होती. तारीख, काकांनी शिक्का मारला त्याच दिवसाची.

‘इथे वायर लावू नये, कार्ड बंद आहे. दुकानात सांगायचं नाही, भाऊंची नोकरी जाईल. दर आठवड्याला जाऊन कौतुक करायचं. विसरायचं नाही.’