सव्वातीनची झोप

वायरमनकाका घोरायला लागले आणि वाचनालयातली माणसं गालातल्या गालात हसली. सव्वातीन वाजले होते. काका खिडकीजवळच्या नेहमीच्या खुर्चीत डोकं मागे टाकून बसले होते. तोंड उघडं, मांडीवर पेपर.

"आज काकांनी मोटारच चालू केलीय," समोर बसलेले निवृत्त हेडक्लार्क म्हणाले.

टेबलामागे पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्या ताईंनाही हसू आलं. त्या उठल्या. काकांच्या मांडीवरून घसरणारा पेपर त्यांनी अलगद काढून घेतला. उन्हाची तिरीप काकांच्या तोंडावर येत होती, म्हणून पडदा ओढला. दमले असतील, झोपू दे घटकाभर, असं मनाशी म्हणत पुन्हा जागेवर येऊन बसल्या.

घोरणं मध्येच थांबलं. थोड्या वेळाने एक मोठा आवाज आला, घशात काही अडकावं तसा. मग पुन्हा शांत. ताईंनी वही लिहिता लिहिता मान वर केली. पुढचा आवाज येईना. आला तो फार उशिरा.

त्या जवळ गेल्या आणि काकांचा खांदा हलवला. "काका. अहो काका."

काकांची मान एका बाजूला कलंडली. ओठ निळसर पडले होते.

ताईंनी रुग्णवाहिकेचा नंबर लावला. पलीकडून एका बाईचा शांत आवाज आला. शुद्ध आहे का, श्वास नीट चालू आहे का?

"शुद्ध नाही. पण घोरताहेत. थांबून थांबून."

"तो श्वास नाही, हृदय थांबलं असावं. गाडी निघतेय. फोन स्पीकरवर टाका आणि त्यांना जमिनीवर उताणं झोपवा. आत्ताच्या आत्ता."

वॉचमन धावत आला. त्याने आणि हेडक्लार्कांनी मिळून काकांना खाली घेतलं. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. "पाणी पाजू नका," फोनमधला आवाज म्हणाला. "छातीच्या मधोमध तळहात ठेवा. त्यावर दुसरा. कोपरं ताठ. जोरात दाबा, भराभर. मी मोजते तुमच्याबरोबर."

ताईंनी दाबायला सुरुवात केली. विसाव्या-पंचविसाव्या वेळी हाताखाली काहीतरी कटकन वाजलं. त्या थबकल्या.

"मोडलं काहीतरी."

"मोडू दे. थांबू नका."

त्या थांबल्या नाहीत. हात भरून आले तेव्हा वॉचमनने दाबलं, तो दमला तशा पुन्हा त्या. हेडक्लार्क रस्त्यावर जाऊन उभे राहिले, गाडीला वाट दाखवायला. चौदा मिनिटांनी गाडी आली. काकांना उचलून नेताना गाडीतला माणूस ताईंना म्हणाला, "तुम्ही अगदी बरोबर केलंत." ताई गुडघ्यांवर तशाच बसून होत्या. पडदा अजून ओढलेलाच होता.

काका संध्याकाळी गेले.

पंधरा दिवसांनी काकू वाचनालयात आल्या. ठेंगण्या, पांढरे केस घट्ट बांधलेले. ते कुठे बसायचे, एवढंच त्यांनी विचारलं. ताईंनी खुर्ची दाखवली. काकू तिच्यावर टेकल्या, खुर्चीचा हात चाचपत राहिल्या.

"झोपेतच झालं म्हणतात सगळे," त्या म्हणाल्या. "घोरत होते म्हणे. मला नवलच वाटलं. चाळीस वर्षांत एकदा घोरले नाहीत ते. मी घोरते. तेच मला हलवून कुशीवर वळवायचे."

ताईंना गप्प बसता आलं असतं. हेडक्लार्कांनी डोळ्यांनी तसं सुचवलंही.

"काकू, ते झोपले नव्हते," ताई म्हणाल्या. "मला वाटलं, झोपलेत. मी पडदा ओढला त्यांच्या तोंडावर ऊन येतं म्हणून. आणि जाऊन बसले."

"किती वेळ?"

"चार मिनिटं. पाचही असतील."

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकली लावलेल्या होत्या.

"मी असते तर मला लगेच कळलं असतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पदर सारखा करत म्हणाल्या, "कळलं असतं, पण पुढे काय करायचं ते कुठे ठाऊक होतं? हंबरडा फोडला असता नुसता." मग त्या ताईंकडे वळल्या. "तुम्ही काय केलंत? मला दाखवा."

ताईंनी आपल्या खुर्चीवरची जाड उशी आणून जमिनीवर ठेवली. काकू टेबलाला धरून एकेक गुडघा टेकत खाली बसल्या. ताईंनी त्यांचा एक हात उशीवर ठेवला, त्यावर दुसरा, कोपरं सरळ केली.

"आता दाबा. अजून जोरात."

"एवढ्या जोरात? लागलं असेल हो त्यांना."

ताईंनी काकूंचे तळहात उशीच्या मधोमध सरकवले. त्या मोजू लागल्या. एक, दोन, तीन. काकूंच्या बांगड्या प्रत्येक दाबाला खाली येत होत्या. पेपर वाचणाऱ्यांनी पेपर खाली ठेवले. तिसावर येऊन ताई मोजायच्या थांबल्या.

काकू थांबल्या नाहीत. एकतीस, बत्तीस, त्या स्वतःच मोजू लागल्या, आधी पुटपुटत, मग मोठ्याने. शंभराच्या पुढे गेल्या तरी दाबतच होत्या, आणि त्यांना पुरे म्हणायला कुणीही उठलं नाही.