आधी आवाज

"आधी कोणाला उठवायचं?" पुतणीने विचारलं.

काका खुर्चीत पुढे सरकले. प्रश्न त्यांना भलताच आवडला. "म्हणजे? ते आपल्या हातात असतं?"

असतं, ती म्हणाली. लॅपटॉप सुरू झाला की एक प्रोग्रॅम सगळ्यांच्या आधी जागा होतो आणि मग बाकीच्यांना हाका मारतो. काकांच्या लॅपटॉपमधला हा पहिला उठणारा नको इतका पसारा मांडून बसला होता. घरात नसलेल्या प्रिंटरलाही तो रोज उठवायचा. म्हाताऱ्या लॅपटॉपला ते झेपत नव्हतं. ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यांना खुली, कोणीही आत हात घालावा अशी. म्हणून आज ती त्या जागी दुसरा, हलकाफुलका गडी आणून बसवत होती. फक्त हा नवा गडी आपण होऊन कोणालाच उठवत नाही. त्याला एकेकाचं नाव सांगून ठेवावं लागतं.

"मग आधी आवाज," काका म्हणाले.

काकांना जन्मापासून दिसत नव्हतं. लॅपटॉपमधला आवाज त्यांना अक्षर न अक्षर वाचून दाखवायचा. त्याच्या भरवशावर ते डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट टाइप करून इस्पितळाला पाठवायचे. अलीकडे लॅपटॉप सुरू व्हायलाच रडायचा, मधेच अडून बसायचा. रिपोर्टना उशीर होऊ लागला. इस्पितळाने काल स्पष्टच सांगितलं, आजचे रिपोर्ट संध्याकाळपर्यंत आले नाहीत तर काम दुसऱ्याला देऊ. नवीन लॅपटॉप घ्या, असं काकू सांगून सांगून थकल्या. पण काकांची बोटं याच कीबोर्डवर रुळली होती आणि पुतणीने छातीठोकपणे सांगितलं होतं, "काही होत नाही काका, मी आहे ना."

"आहे ते बिघडवू नका म्हणजे मिळवलं," काकू आतून म्हणाल्या.

काकांचे प्रश्न थांबेनात. कीबोर्डला कोण उठवतं? घड्याळाला? इंटरनेटला आवाजानंतर उठवलं तर ते रुसणार नाही ना? "आणि त्या ब्लूटूथला झोपू दे. आमची ओळखसुद्धा नाही." पुतणी हसत हसत एकेकाचं नाव घालत गेली. आवाज नक्की सगळ्यांच्या पुढे आहे ना, हे तिने पुन्हा पुन्हा तपासलं.

मग तिने लॅपटॉप बंद करून सुरू केला.

स्क्रीनवर चार ओळी सरसर धावल्या आणि सगळं काळं झालं. ती थांबली. काळंच. अजून थोडी थांबली. काहीच हलेना.

शेजारी काकांनी नेहमीसारखे हेडफोन चढवले होते. त्यांची बोटं कीबोर्डवर खडखडत होती. बिचारे सवयीने बडवतायत, तिला वाटलं. यांना आता कोणत्या तोंडाने सांगायचं? इतक्या वर्षांचं काम आज जाणार होतं आणि ते तिच्या शहाणपणामुळे जाणार होतं. तिला रडू यायचं तेवढं बाकी होतं. निदान पुन्हा सुरू करून बघावं, म्हणून तिने बटणाकडे हात नेला. तिची बाही काकांच्या मनगटाला घासली. काकांनी झटकन तो हात धरला.

"थांब गं, बंद नको करू. अर्ध्या वाक्यात आहे मी. पहिला रिपोर्ट संपतच आलाय."

तिने हेडफोनची एक बाजू आपल्या कानाला लावली. आत आवाज भरधाव वाचत सुटला होता. कुठे अडत नव्हता, धापा टाकत नव्हता. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने आवाजाला उठवलं होतं, कीबोर्डला, इंटरनेटला, घड्याळालासुद्धा. स्क्रीनचं नाव घालायचंच राहिलं होतं. काकांनीही ते घेतलं नव्हतं.

"काका, स्क्रीन अख्खी काळी आहे," ती कशीबशी म्हणाली.

"असं?" बोटं न थांबवता काकांनी विचारलं, "एरवी कुठल्या रंगाची असते?"